मावशीची मिरपूड

एका दैनिकात दर गुरुवारी 'मावशी सांगते' नावाचं सदर यायचं. ही मावशी म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, मिशा राखणारा आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्यापलीकडे कशालाही हात न लावणारा एक उपसंपादक होता. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्याला 'मावशी'च म्हणायचे आणि तोही आता त्या नावाला निमूट ओ द्यायचा. घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता. घरी म्हणजे आईला, कारण घरात दोघंच होती. लग्नाचं त्याचं राहून गेलं ते गेलंच.

खरी मावशी वेगळी होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्या स्वतः करून बघायच्या आणि मग लिहायच्या. त्या मुलीकडे परगावी गेल्या तेव्हा संपादक म्हणाले, "दुसरी मिळेपर्यंत तुम्ही जरा सांभाळा." दुसरी मिळाली नाही, कारण कुणी शोधलीच नाही. उपसंपादकाचं कसं होतं, की दिलेलं काम तो नाकारत नसे आणि आलेलं काम त्याला जमत नसे. या दोन गुणांच्या जोरावर त्यानं आख्खी नोकरी काढली होती.

सुरुवातीला त्यानं बाईंचेच जुने उपाय फिरवून छापले. ते संपल्यावर त्यानं स्वतःची एक पद्धत बसवली. खोकल्याला या हिवाळ्यात लवंग झाली, की पुढच्या हिवाळ्यात दालचिनी आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वेलदोडा. वेलदोड्यानं खोकला जातो का, हे खोकल्यालाच ठाऊक. आपण वैद्य नाही, आचारी नाही, साधी बाईसुद्धा नाही, हे तो जाणून होता. आपल्याला येतं ते एकच, मजकूर जागेत चपखल बसवणं. त्याबद्दल मात्र त्याला गर्व होता. माणसाला कशाचा ना कशाचा असतोच.

कापल्यावर, खरचटल्यावर काय, याला वर्षानुवर्षं हळद चालत आली होती. मग वाचकांची पत्रं आली, की हळदीनं चादरी पिवळ्या होतात, डाग निघत नाहीत. तेव्हा त्या आठवड्यात तो कँटीनमध्ये बसून विचार करत होता आणि समोर मीठ-मिरपुडीच्या बाटल्या होत्या. त्यानं मिरपूड घेतली. तिखट आहे, रक्ताला चांगला चाप बसेल. त्याचं संशोधन ते एवढंच. 'जखमेत मिरपूड दाबून भर, वर स्वच्छ फडकं बांध,' असं लिहून त्यानं मजकूर पाठवला आणि तो हात धुवायला गेला. इतक्यात पान लावणारी ओरडली, "मावशी, खाली दोन ओळी कमी पडतायत!"

पान लावणारी म्हणजे कॉम्प्युटरवर बातम्या, फोटो, जाहिराती जागच्या जागी बसवणारी. तिच्या पानावर रिकामी जागा उरलेली तिला खपत नसे. ओले हात झटकत, उभ्या उभ्या त्यानं तिला सांगितलं, "लिही. एवढ्याशा कापण्यासाठी डॉक्टरकडे धावू नकोस. धीर धर, मिरपूड आपलं काम करते." दोन ओळी अगदी काठोकाठ बसल्या. "व्वा मावशी," ती म्हणाली. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला.

आईला त्यानं सांगून ठेवलं होतं, की तो राजकारणावर लिहितो. नाव येत नाही, कारण विषय नाजूक असतात. आईनं शेजारीपाजारी तसं पसरवून ठेवलं होतं. ती स्वतः मात्र राजकारणाचं पान भाजीची सालं ठेवायला वापरायची आणि गुरुवारी चष्मा पुसून मावशी वाचायला बसायची. 'अगं माझ्या राणी' या मावशीच्या ठरलेल्या सुरुवातीपासून मोठ्यानं वाचायची, आणि मध्येमध्ये मावशीला उत्तरंही द्यायची. "हो गं बाई, बरोबर आहे तुझं." मग आत वळून त्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "तुमच्या त्या आख्ख्या पेपरात शहाणं माणूस एकच आहे, आणि ती ही बाई."

तो ताटात मान घालायचा. त्याला बरंही वाटायचं आणि झोंबायचंही. आई इतकं मनापासून त्याच्याशी कधी बोलत नसे. पण तोही कुठं बोलायचा? त्यांचं दिवसाचं संभाषण म्हणजे 'मीठ हवं का' आणि 'नको'. दिवसभर ऑफिसात तो शब्द पाडायचा आणि घरी येईपर्यंत दुकान बंद. आपण आपल्याच मावशीचा हेवा करतो, हे कळण्याइतकी अक्कल त्याला होती, आणि त्यावर काही करण्याइतकी नव्हती.

मिरपूड छापून आली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी तो ऑफिसला निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरला. चष्मा घरी राहिला होता. जिना चढतानाच त्याला आईची शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग अशी एक, की खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं.

दार ढकलून तो आत गेला. आई खुर्चीत बसली होती, डावा हात उशीवर, हाताला नॅपकिन गुंडाळलेला. तो नॅपकिन पांढरा होता हे त्याला आठवत होतं, आता तसं दिसत नव्हतं. टेबलावर मिरपुडीचा डबा उताणा पडला होता, आणि जमिनीवर, खुर्चीवर, आईच्या मांडीवर काळी भुकटी सांडली होती.

"आलास? काही नाही झालं," आई म्हणाली. "भोपळा चिरताना सुरी सटकली. डोळे काय पांढरे करतोस? आ... आ..." आणि ती शिंकली. शिंकेसरशी नॅपकिनच्या कडेनं लाल धार निघाली आणि मनगटावरून कोपराकडे गेली.

रक्त बघितलं की उपसंपादकाला भोवळ यायची. कापणं, भाजणं, ठेचणं, सगळ्यांवर त्यानं बेधडक लिहिलं होतं, पण स्वतः दाढी करताना कापलं तरी तो आरशाकडे पाठ फिरवायचा. आता त्यानं भिंत धरली. "आई, चल. डॉक्टरकडे."

"कशाला?"

"अगं, कशाला काय! थांबत नाहीये ते!"

"थांबेल. मावशीनं काय लिहिलंय, वाचत नाहीस ना आपलाच पेपर?" आणि आईनं डोळे मिटून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं, "एवढ्याशा कापण्यासाठी डॉक्टरकडे धावू नकोस. धीर धर, मिरपूड आपलं काम करते."

मागचा-पुढचा मजकूर नाही, नेमक्या त्या दोन ओळी. उपसंपादकाची पाचावर धारण बसली. "आई, तुला रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे! हृदयाच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? कापू नका, पडू नका, कापलं तर लगेच या!"

"म्हणून तर दुप्पट घातली," आई शांतपणे म्हणाली. "आक्छी!"

आता दुसरा इलाज नव्हता. त्यानं घसा साफ केला. "आई, ती मावशी कुणी नाही. मीच आहे. ते मीच लिहितो."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग चांगला हात पुढं करून त्याच्या कपाळाला लावला. "ताप तर नाही."

"खरंच सांगतोय. मी राजकारणावर लिहीतच नाही. मला राजकारण कळत नाही."

"ते मला माहीत आहे. पण तुला स्वयंपाकघरातलं तरी काय कळतं? जा, आख्खे मिरे आण बघू. वरच्या फळीवर आहेत."

तो धावला. वरच्या फळीवर सारख्या झाकणांच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या. त्यानं एकेक झाकण उघडलं, काळं आणि गोल दिसलं ती बरणी उचलली आणि धापा टाकत आईसमोर धरली.

"ही मोहरी," आई म्हणाली. "बस खाली. आईला दवाखान्यात नेण्यासाठी कुणी इतकं खोटं बोलतं का रे? माया आहे तुझी, कळतं मला. पण त्या बाईचं श्रेय कशाला घेतोस?"

आपण खरं बोललो तर कुणी विश्वास ठेवत नाही आणि थापा मारल्या तर लोक पाठ करतात, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण आईच्या ओठांचा रंग उतरत चालला होता, आणि विचार करायची ही वेळ नव्हती. त्यानं फोन काढून पान लावणारीला लावला, गॅलरीत जाऊन दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तू मावशी हो. फक्त एवढंच सांग, की डॉक्टरकडे जा."

"अहो मावशी, माझं पान छापायला सुटायचंय!"

"माझी आई जायची वेळ आलीय!"

"द्या," ती म्हणाली.

त्यानं फोन आईच्या कानाशी धरला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "आजी, मी मावशी बोलतेय. ताबडतोब दवाखान्यात जा आणि टाके घालून घ्या. मी लिहिलेलं चुकलं. कळलं का?"

आईनं भुवया उंचावल्या. "कोण गं तू? ती असले हुकूम सोडत नाही. आणि तिनं आजवर मला आजी म्हटलेलं नाही. शोभतं का तुला, एका चांगल्या बाईचं नाव घेऊन लोकांना फसवणं?" आणि तिनं फोन बाजूला सारला. मग डोकं खुर्चीला टेकलं. "जरा गरगरतंय रे. चिमूटभर साखर देतोस?"

साखर मागताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की उपसंपादकाला कान पुढं करावा लागला. ही बाई आता इथंच, या खुर्चीत, आपल्या दोन ओळींवर विश्वास ठेवून संपणार. रिकामी जागा भरायला लिहिलेल्या दोन ओळी. तिला उचलून न्यावं, तर ती दार धरून ठेवील, आणि धडपडीत आणखी रक्त जाईल. तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. रक्त दिसू नये म्हणून त्यानं डोळे मिटले. डोळे मिटले की त्याला ओळी सुचायच्या, आयुष्यात तेवढंच काय ते त्याला सुचायचं.

"अगं माझ्या राणी," तो म्हणाला.

खुर्चीत हालचाल झाली.

"अगं माझ्या राणी, मावशीवर रागावू नकोस, पण मावशी चुकली गं. खुर्चीत बसून लिहायला तिचं काय जातं? मिरपूड पदार्थात घालायची, हातात नाही भरायची. तू शहाणी, सगळं घर तू उभं केलंस, पण मावशीनं सांगितलं म्हणून डोळे झाकून ऐकलंस. आता आणखी एकदा ऐक. हात वर धर, छातीच्या वर, आणि दुसऱ्या हातानं नॅपकिन घट्ट दाबून ठेव. चपला मी घालते तुझ्या पायात. दार मी लावते. भोपळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. इतकी वर्षं तू सगळ्यांना दवाखान्यात नेलंस, आज तुला कुणीतरी नेऊ दे. तू गेलीस तर मी कुणासाठी लिहू गं?"

शेवटचं वाक्य त्यानं ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक आलं. त्यानं डोळे उघडले. आई त्याच्याकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं, आणि शिंक अर्ध्यावर विसरलेली.

"तूच?" ती म्हणाली.

"मीच."

"इतक्या मिशांचा?"

मग तिनं हात वर धरला आणि पाय पुढं केले. त्यानं चपला उलट्या घातल्या, ते तिनं दाखवून दिलं, आणि त्या सुलट करून दोघं निघाली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सिस्टरनं नॅपकिन सोडला आणि ती दोन पावलं मागं सरकली. "हे काय भरलंय?" तिनं जखम धुवायला घेतली. एक भांडं पाणी काळं झालं, मग दुसरं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिनं आवाज काढला नाही. डॉक्टर शिंकत शिंकत आत आले. "कुणाचा उद्योग हा? नुसतं स्वच्छ फडकं दाबून धरलं असतं आणि सरळ इकडं आला असतात, तर एवढी आग तरी झाली नसती. कुणी सांगितलं मिरपूड घाला म्हणून?"

"पेपरात होतं," सिस्टर म्हणाली. "माझ्या सासूबाईंनीही वाचलंय. मी दम दिला, घालून तर बघा!"

"त्या पेपरवाल्याला उलटं टांगायला पाहिजे."

"त्याची गरज नाही पडायची," आई म्हणाली. "तो बघा, आत्ताच पडतोय."

आणि तो खरोखरच पडत होता. सिस्टरनं त्याला काखेत धरून शेजारच्या बाकावर आडवं केलं आणि पाय उशीवर ठेवले. आईला टाके पडत असताना तिचा मुलगा छताकडे बघत पडून होता आणि टाके घालून घेणारी बाईच त्याला धीर देत होती. "झालं हं. एकच राहिला. डोळे मीट तू."

टाके झाले. हाताची बोटं नीट हलताहेत, आतलं काही तुटलेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि रक्त थांबल्याची खात्री होईपर्यंत बाहेर बसा म्हणाले. उपसंपादकानं उठल्याबरोबर पान लावणारीला फोन केला. सिस्टरच्या सासूबाई त्याच्या डोक्यातून जात नव्हत्या. "उद्याच्या अंकात चौकट घे. पहिल्या पानावर. मावशी चुकली, मिरपूड घालू नका, दाबून धरा आणि डॉक्टरकडे जा."

"किती ओळी?"

"लागतील तेवढ्या. जागा नसली तर जाहिरात काढ."

"संपादक मला खातील."

"मला खाऊ देत," तो म्हणाला, आणि असलं वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. त्यात शूरपणा नव्हता. संपादकांपेक्षा त्याला आता सिस्टरच्या सासूबाईंची जास्त भीती वाटत होती, इतकंच.

तो आईशेजारी येऊन बसला. आई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "कानात लसूण ठेवायचं?"

"मीच."

"टाचांना ओवा आणि मध?"

"मीच."

"मुंग्या लागल्या होत्या मला झोपेत," आई म्हणाली. "आणि उशीखाली जायफळ?"

"तेही."

"महिनाभर मान आखडली होती. मला वाटायचं, गुण येतोय." तिनं मान हलवली. त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. आपण लिहिलेलं एकूण एक या बाईनं स्वतःवर करून पाहिलं होतं, एकदाही चुकवलं नव्हतं, आणि आपण पलीकडच्या खोलीत झोपलो होतो.

"आणि ते गुडघ्यांचं?" आईनं विचारलं.

"मेथीचा लेप? तोही मीच सांगितला होता."

"मेथी गेली खड्ड्यात. त्याच्या शेवटी होतं ते. दुपारी जरा आडवी हो, घर कुठं पळून जात नाही. ते?"

उपसंपादकाला आठवलं. तेव्हाही पान लावणारी ओरडली होती. तो खालमानेनं म्हणाला, "ते... जागा उरली होती, म्हणून."

आईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तेवढंच लागू पडलं बघ," ती म्हणाली. "सगळ्या जन्मात मला कुणी आडवी हो म्हटलं नव्हतं. तुझ्या बाबांनी नाही, तू नाही. मी ते वाचलं, गॅस बंद केला आणि खरंच जाऊन पडले. थोडी रडले. मग झोप लागली. उठले तर गुडघे दुखत नव्हते."

इतकी वर्षं ज्याला तो उरलेली जागा म्हणत होता, तेवढंच काय ते त्यानं आपल्या आईला दिलं होतं, तेही न कळत, दुसऱ्याच्या नावानं. त्याला लाज वाटली आणि तिच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती माया कुठल्या वाक्यात घालावी हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तिचा चांगला हात धरला आणि आपल्याच घोगऱ्या आवाजात विचारलं, "घरी गेल्यावर आडवी होशील ना?"

"आणि स्वयंपाक?"

"मी करतो. उरलेला भोपळा चिरतो."

आईनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या पट्टीकडे पाहिलं, आणि ती बाकावर नीट मागं सरकून बसली.

"मग आपण इथंच थांबू," ती म्हणाली. "तुझेही टाके घालूनच एकदम घरी जाऊ."